हाताने चालते, बूट होताना अडते

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि लिनक्स

या खेपेस देवगड, गुहागर, हर्णै आणि मालवण येथून आलेली पत्रे एकाच प्रकारच्या अडचणीची आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. स्वतः लिहिलेली किंवा कोणाकडून लिहून घेतलेली स्क्रिप्ट (कमांडांची फाइल) टर्मिनलवर नीट चालते, पण संगणक सुरू होताना आपोआप चालावी अशी सोय केली की बंद पडते, अशी ही तक्रार आहे. कोकणात ती अधिक बोचते, कारण पावसाळ्यात वीज रात्री-अपरात्री जाते आणि येते, तेव्हा यंत्राजवळ कोणीही नसते, आणि बूट होताना स्क्रिप्ट उभी राहिली नाही तर ते सकाळी कुलूप उघडल्यावरच कळते. उत्तरांत कमांड आणि फाइलींची नावे देवनागरीत छापली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीतच टंकावीत.

प्रश्न : आमची हापूसची बाग आणि पॅकिंग शेड देवगड तालुक्यात आहे. आंबा पिकवण्याच्या खोलीचे तापमान नोंदवण्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवून त्याला डीएस१८बी२० हा सेन्सर जोडला आहे. पुतण्याने लिहून दिलेली पायथनची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी तापमान फाइलमध्ये लिहिते आणि पुण्यातील सर्व्हरकडे पाठवते. हाताने सुरू केली तर ती दिवसभर बिनचूक चालते. सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस करून ती बूटच्या वेळी सुरू होईल असे केले, पण वीज जाऊन आली की बहुतेक वेळा ती बंद पडलेली सापडते. एका परिचितांच्या सांगण्यावरून सुरुवातीला तीस सेकंदांचा स्लीप (थांबा) घातला, तेव्हापासून ती कधी चालते, कधी चालत नाही. नोंदींच्या तारखाही मधूनच चुकतात आणि एकदा तर ८५ अंश तापमान नोंदले गेले. स्क्रिप्ट नव्याने लिहावी लागेल का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : स्क्रिप्ट नव्याने लिहू नका आणि तूर्त तिच्यात काही बदलूही नका. जी स्क्रिप्ट हाताने दिवसभर चालते तिचे आतले काम बहुधा बरोबरच असते. बूट होताना तिला मिळणारी परिस्थिती मात्र वेगळी असते. आपण टर्मिनलसमोर बसतो तेव्हा आपल्या नावाने लॉगिन झालेले असते, पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे ती यादी) ठरलेला असतो, आपण योग्य फोल्डरमध्ये असतो, नेटवर्क केव्हाच जोडले गेलेले असते आणि घड्याळ बरोबर असते. सिस्टमडी स्क्रिप्ट सुरू करते तेव्हा यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. त्यामुळे यंत्राला त्या क्षणी नेमके काय दिसले, हे आधी त्यालाच विचारावे.

त्यासाठी ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ आणि पुढे सर्व्हिसचे नाव, ही कमांड द्यावी. ती लॉगच्या (यंत्राने ठेवलेल्या नोंदींच्या) शेवटच्या दहाच ओळी दाखवते, आणि खरे कारण पुष्कळदा त्याच्या वर असते. म्हणून ‘जर्नलसीटीएल -बी -यू’ आणि सर्व्हिसचे नाव असे लिहून या बूटपासूनचा सगळा मजकूर वाचावा. आधीच्या बूटचा हवा असेल तर ‘-बी’च्या पुढे ‘-१’ लिहावे. आधीचे काहीच मिळत नसेल तर जर्नल, म्हणजे हा लॉग, केवळ मेमरीत ठेवला जातो आहे असे समजावे. जर्नलडीच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘स्टोरेज’ हे ‘पर्सिस्टंट’ केले की तो एसडी कार्डावर राहू लागतो. जिथे वीज जाण्यानेच बिघाड होतो तिथे वीज जाण्यापूर्वीचा लॉग हातात असणे मोलाचे आहे, म्हणून हे काम सर्वांत आधी करावे.

लॉगमध्ये ‘स्टेटस’ या शब्दापुढे एक आकडा येतो आणि त्यावरून अर्धी शहानिशा होते. २०३ असेल तर स्क्रिप्ट सुरूच झाली नाही: फाइल त्या जागी नाही, तिला चालवण्याची परवानगी नाही किंवा तिच्या पहिल्या ओळीत दिलेला इंटरप्रिटर (ती चालवणारा प्रोग्राम) सापडत नाही. २०० असेल तर कामाचा फोल्डर सापडलेला नाही, आणि २१७ असेल तर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायचे ते नाव यंत्राला ठाऊक नाही. आकडा १ असेल तर स्क्रिप्ट सुरू झाली आणि पायथन आतून बाहेर पडले. अशा वेळी वरच्या लांबलचक मजकुराने गोंधळून न जाता त्याची शेवटची ओळ वाचावी. आपली स्क्रिप्ट कधी चालते आणि कधी नाही, त्यावरून आपला आकडा १ असणार आणि शेवटच्या ओळीत नेम रिझोल्यूशन तात्पुरते अयशस्वी झाल्याचे लिहिलेले असणार, असा माझा अंदाज आहे. पुण्यातील सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता मिळाला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

तो का मिळत नाही, ते पाहू. वीज येते तेव्हा पाय आणि इंटरनेटचा राउटर एकाच क्षणी सुरू होतात. पायला तयार व्हायला अर्धे-पाऊण मिनिट लागते. फायबरचा डबा आणि राउटर यांना पुष्कळदा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि गावाकडची लाइन पलीकडूनच बंद असेल तर तास-दोन तासही लागतात. आपल्या तीस सेकंदांच्या स्लीपने ही शर्यत कधी जिंकली जाते, कधी हरली जाते. स्लीप साठ किंवा नव्वद केला तरी प्रश्न सुटत नाही, तो फक्त कमी वेळा दिसतो, आणि क्वचित दिसणारा बिघाड शोधणे अधिक अवघड असते. म्हणून तो स्लीप काढून टाकावा.

त्याऐवजी युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसची माहिती असलेल्या फाइलमध्ये) ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ या दोन्ही ओळींत ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ लिहावे. अनेक जण फक्त ‘आफ्टर’ लिहितात. त्याने क्रम ठरतो, पण ते टार्गेट (बूटमधला ठरावीक टप्पा) मुळात सुरू करायला कोणीच सांगत नाही. नुसते ‘नेटवर्क.टार्गेट’ लिहिणे तर जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला एवढेच ते सांगते, पत्ता मिळाला की नाही हे सांगत नाही. अर्थात ‘ऑनलाइन’ या नावावरही फार विसंबू नये. राउटरकडून पत्ता मिळाला की ते टार्गेट पूर्ण झाले असे धरले जाते, मग राउटरच्या पलीकडे इंटरनेट असो वा नसो. आणि पत्ता मिळालाच नाही तर ठरावीक वेळ वाट पाहून बूट पुढे सरकतेच.

म्हणून खरा उपाय स्क्रिप्टच्या रचनेत आहे, आणि पुतण्याला हा मुख्य बदल सांगावा. तापमान कार्डावर लिहिणे आणि ते पुण्याला पाठवणे ही दोन कामे वेगळी करावीत. नोंद आधी व्हावी. पाठवणे जमले नाही तर स्क्रिप्टने बंद न पडता ती नोंद शिल्लक ठेवून पुढच्या खेपेस पाठवावी. खोलीतला आंबा इंटरनेटची वाट पाहत नाही, तेव्हा इंटरनेट नाही म्हणून तापमानाची नोंद थांबावी, हे बरोबर नाही. याच्या जोडीला युनिट फाइलच्या ‘सर्व्हिस’ भागात ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ आणि ‘रीस्टार्टसेक’ला ३० द्यावे. दुसरी ओळ वगळू नये. ती नसेल तर सिस्टमडी सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा प्रयत्न करते, दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले की प्रयत्नच सोडून देते, आणि मग राउटर सुरू झाला तरी सर्व्हिस पडूनच राहते.

आता कामाचा फोल्डर. स्क्रिप्टमध्ये नोंदवहीचे नुसते नाव लिहिले असेल, तर हाताने चालवताना ती फाइल आपण असतो त्या, म्हणजे बहुधा होम फोल्डरमध्ये तयार होते. सिस्टमडीकडून चालवल्यास कामाचा फोल्डर मूळ डिरेक्टरी हाच असतो, आणि तिथे लिहिण्याची परवानगी साध्या वापरकर्त्याला नसते. ‘वर्किंगडिरेक्टरी’ आणि ‘युझर’ या ओळी द्याव्यात, तसेच ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये पायथनचा आणि स्क्रिप्टचा, दोन्हींचा पूर्ण पाथ (फोल्डरांसकट नाव) लिहावा. पायथनची जास्तीची मॉड्यूल व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये (पायथनच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये) टाकली असतील, तर तिच्याच बिन फोल्डरमधील पायथनचा पाथ द्यावा. अन्यथा मॉड्यूल सापडत नाही अशी तक्रार येते. युनिट फाइल बदलल्यावर ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ केल्याशिवाय बदल लागू होत नाही, आणि ‘सिस्टमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय’ ही कमांड टंकलेखनाच्या चुका आधीच दाखवते.

तारखांचे कारण वेगळे आहे. आपल्याकडील पायमध्ये वीज नसताना चालणारे घड्याळ बहुधा नसेल. रास्पबेरी पाय ५ मध्ये ते बोर्डावर असते, पण त्याची बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते. असे घड्याळ नसले की पाय बूट होताना शेवटी साठवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली की एकदम उडी घेतो. खरी वेळ मिळेपर्यंत सर्व्हिस थांबवून धरण्याची सोय सिस्टमडीत आहे, पण आपल्या ठिकाणी मी ती सुचवणार नाही: जोरदार वाऱ्यापावसानंतर लाइन दोन दिवस बंद राहिली तर दोन दिवस नोंदच होणार नाही. त्यापेक्षा डीएस३२३१ चिपचा, सीआर२०३२ सेल असलेला घड्याळाचा छोटा मॉड्यूल आय२सी पिनांवर बसवावा आणि कॉन्फिग फाइलमध्ये त्याचा ओव्हरले (यंत्राला त्याची ओळख करून देणारी ओळ) लिहावा. खर्च फार नाही आणि प्रश्न कायमचा मिटतो.

राहिला ८५ अंशांचा प्रश्न. वीज मिळाल्यावर डीएस१८बी२०च्या रजिस्टरमध्ये (आतल्या नोंदीत) ८५ हाच आकडा असतो आणि पहिले मोजमाप पूर्ण होईपर्यंत तो तसाच राहतो. वायर सैल असेल किंवा सेन्सरला पुरेशी वीज पोचत नसेल तर मोजमाप न होता तोच आकडा वाचला जातो. फाइलमध्ये तो ८५००० असा दिसतो. नेमका हा आकडा आला तर नोंद न करता पुन्हा वाचावे, असे स्क्रिप्टमध्ये सांगावे. वारंवार येत असेल तर मात्र जोडणी तपासावी, कारण खाऱ्या हवेत उघडे सांधे लवकर गंजतात.

हे सगळे झाल्यावर चाचणी दोन टप्प्यांत करावी. ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ने सुरू करून पाहिल्यास परवानगी, पाथ आणि फोल्डर यांच्या चुका उघड होतात, पण वेळेच्या क्रमाच्या चुका उघड होत नाहीत. नुसते रीबूट करूनही त्या दिसत नाहीत, कारण राउटर तेव्हा चालूच असतो. म्हणून पाय आधी रीतसर शटडाऊन करावा, मग पाय आणि राउटर दोन्हींचे बटण बंद करून एकाच वेळी चालू करावे. शटडाऊन न करता वीज तोडून चाचणी करू नये; एसडी कार्ड त्यानेच खराब होते.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात उबुंटू आहे. प्रत्येक संगणक सुरू झाल्यावर सर्व्हरवरील अभ्यासाचा फोल्डर जोडणारी स्क्रिप्ट ‘आरसी.लोकल’ या फाइलमध्ये होती. उबुंटूची नवी आवृत्ती टाकल्यानंतर ती फाइल कार्यालयातील विंडोजच्या संगणकावर नोटपॅडमध्ये पुन्हा लिहून पेन ड्राइव्हने आणली, पण ती चालत नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही.
— एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : बाई, संदेश न येणे हीच इथली खूण आहे. ‘आरसी.लोकल’ ही जुन्या पद्धतीची सोय आहे. सिस्टमडी २०१० मध्ये आली, लिनक्सच्या प्रकारांपैकी फेडोराने २०११ मध्ये आणि डेबियन ८ व उबुंटू १५.०४ यांनी २०१५ मध्ये ती मुख्य पद्धत म्हणून स्वीकारली. जुन्या स्क्रिप्ट अडू नयेत म्हणून ‘आरसी.लोकल’ अजूनही चालवली जाते, पण ती फाइल ‘एक्झिक्युटेबल’ असेल तरच. पेन ड्राइव्हच्या फॅट पद्धतीत लिनक्सची ही परवानगी साठवलीच जात नाही, त्यामुळे कॉपी केलेली फाइल ती गमावून येते आणि सिस्टमडी तिला निमूटपणे वगळते. ‘सीएचमॉड +एक्स’ देऊन परवानगी परत द्यावी.

त्यानंतर कदाचित लॉगमध्ये २०३ हा आकडा दिसेल आणि फाइल सापडत नाही असा संदेश येईल. फाइल तर समोर दिसत असते, त्यामुळे हा संदेश फार छळतो. विंडोजमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचे अदृश्य चिन्ह असते. पहिल्या ओळीतील बॅशच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) नावाला ते चिकटले की लिनक्स त्या चिन्हासकटचा प्रोग्राम शोधते आणि तो अर्थातच सापडत नाही. ‘कॅट -ए’ने (ए कॅपिटल) फाइल पाहिली तर ओळींच्या शेवटी वर टोक असलेले चिन्ह आणि एम हे अक्षर दिसेल. ‘डॉस२युनिक्स’ ही कमांड ती सगळी चिन्हे काढून टाकते. पहिल्या ओळीत बॅशऐवजी ‘/बिन/एसएच’ असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: उबुंटूत २००६ पासून ‘एसएच’ म्हणजे डॅश हा वेगळा प्रोग्राम आहे, आणि बॅशचे दुहेरी चौकोनी कंस किंवा ‘सोर्स’ ही कमांड त्याला समजत नाही.

हे झाले आपल्या प्रश्नाचे उत्तर. पण सर्व्हरचा फोल्डर जोडण्यासाठी स्क्रिप्टची गरजच नाही, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. कोणते फोल्डर जोडायचे ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये त्या फोल्डरची एक ओळ लिहून तिच्या पर्यायांत ‘_नेटडेव्ह’, ‘नोफेल’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हे तीन शब्द द्यावेत. मग विद्यार्थी फोल्डर प्रथम उघडेल त्या क्षणी तो जोडला जातो, आणि सर्व्हर बंद असला तरी संगणक बूट होताना अडकत नाही. ‘नोफेल’ विसरू नये. तो नसेल आणि सर्व्हर बंद असेल, तर संगणक बूट होताना फोल्डरची वाट पाहत रेंगाळू शकतो आणि वर्ग खोळंबतो. सर्व्हरचा पासवर्ड ‘एफएसटॅब’मध्ये उघडा न लिहिता फक्त रूटला (यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याला) वाचता येईल अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा.

प्रश्न : हर्णै बंदरावर आमचा मासळी खरेदीचा व्यवसाय आहे. दोन इलेक्ट्रॉनिक वजनकाटे यूएसबीच्या वायरने लिनक्स संगणकाला जोडले असून वजन आपोआप बिलात येते. वीज जाऊन आली की कधी कधी मोठ्या काट्याचे वजन लहान काट्याच्या नावावर लागते, तर कधी स्क्रिप्ट काटा सापडत नाही म्हणून बंद पडते.
— एक व्यापारी, हर्णै

उत्तर : आपल्या स्क्रिप्टमध्ये ‘टीटीवाययूएसबी०’ आणि ‘टीटीवाययूएसबी१’ अशी नावे लिहिलेली असणार. ही नावे काट्यांची नाहीत. संगणकाला जो आधी सापडला त्याला शून्य आणि जो नंतर सापडला त्याला एक, एवढाच त्यांचा अर्थ, आणि प्रत्येक बूटला हा क्रम तोच राहील याची हमी नाही. ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’ या फोल्डरमध्ये प्रत्येक वायरचे स्थिर नाव सापडते, ते वापरावे. मात्र स्वस्त वायरींमध्ये सीएच३४० ही चिप असते आणि तिला बहुधा स्वतंत्र क्रमांक नसतो, त्यामुळे दोन सारख्या वायरींचे नाव एकच येते. तसे असेल तर शेजारच्या ‘बाय-पाथ’ फोल्डरमधील नावे घ्यावीत. ती यूएसबीच्या भोकावरून ठरतात, म्हणून कोणती वायर कोणत्या भोकात हे पक्क्या शाईने लिहून ठेवावे आणि वायरींची अदलाबदल करू नये. स्क्रिप्ट रूटऐवजी साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल तर तो ‘डायलआउट’ गटात आहे ना, तेही पाहावे. काटा उशिरा सुरू झाल्याने स्क्रिप्ट पडत असेल तर देवगडच्या उत्तरातील ‘रीस्टार्ट’च्या दोन ओळी इथेही लागू पडतात. वजन चुकीच्या नावावर लागणे हे बंद पडण्यापेक्षा वाईट, तेव्हा नावांची दुरुस्ती पुढच्या लिलावाआधी करावी.

प्रश्न : मालवणला आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात समुद्राच्या स्थितीचा अंदाज दाखवणारा टीव्ही आहे. त्यामागच्या छोट्या संगणकावर बूट होताना ब्राउझर पूर्ण पडद्यावर उघडणारी सर्व्हिस केली, पण डिस्प्ले उघडता येत नाही असा संदेश येऊन ती बंद पडते.
— सोसायटीचे एक सभासद, मालवण

उत्तर : सर्व्हिस सुरू होते तेव्हा पडद्यावर कोणीही लॉगिन झालेले नसते, त्यामुळे ब्राउझरला उघडायला जागाच नसते. खिडकी उघडणारा प्रोग्राम यंत्राच्या सर्व्हिसमधून चालवू नये. त्या संगणकावर एका साध्या वापरकर्त्याचे ऑटो-लॉगिन सुरू करावे आणि त्याच्या होम फोल्डरमधील ‘.कॉन्फिग/ऑटोस्टार्ट’ येथे ब्राउझरची डेस्कटॉप फाइल ठेवावी. डेस्कटॉप तयार झाल्यावर ती आपोआप चालते. वीज गेल्याने ब्राउझर रीतसर बंद झालेला नसतो, म्हणून मागील सत्र परत आणू का, असे तो विचारू शकतो. किऑस्क पद्धतीत (फक्त एक पान पूर्ण पडद्यावर दाखवण्याच्या पद्धतीत) उघडल्यास ही पृच्छा बहुधा टळते.

आपल्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. समुद्रस्थितीचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून येतो आणि तो बदलत असतो. इंटरनेट नसताना ब्राउझरने आधीचे साठवलेले पान दाखवले, तर पडदा चालू दिसेल आणि मजकूर कालचा असेल. होडी बाहेर काढणारा माणूस त्या पडद्यावर विश्वास ठेवून निघतो. म्हणून संस्थेचे पान थेट न उघडता, अंदाज उतरवून घेणारी लहान स्क्रिप्ट वेगळी ठेवावी. तिने मजकुरासोबत तो किती वाजता मिळाला ती वेळ मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि ठरावीक तासांत नवा अंदाज मिळाला नाही तर जुना मजकूर पुसून ‘अंदाज उपलब्ध नाही, कार्यालयात विचारा’ एवढेच दाखवावे. ही स्क्रिप्ट पडद्यावर अवलंबून नसल्याने तिची सर्व्हिस करायला हरकत नाही; तिला सिस्टमडीचा टायमर जोडून दर अर्ध्या तासाने चालवावे, आणि टायमरच्या फाइलमध्ये ‘ऑनबूटसेक’ची ओळही द्यावी, म्हणजे वीज आल्यावर पहिल्या फेरीसाठी अर्धा तास थांबावे लागणार नाही.